बिराजदार बाईंचा संशय

बिराजदार बाईंचा माझ्यावर पूर्ण विश्वास कधी बसला असं मला वाटत नाही. त्यात मला कमीपणाही वाटत नाही, कारण तो त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता.

सोलापुरात ज्या कॉलेजात मी पॅथॉलॉजीचा लेक्चरर म्हणून लागलो, तिथं त्या माझ्याआधीपासून होत्या. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मोडनिंबचा, घरातला पहिलाच डॉक्टर, अंगावर नवा पांढरा कोट. आम्हा दोघांना मिळून एकच खोली होती. खिडकीपाशी त्यांचं टेबल, दाराशी माझं, आणि मध्ये स्लाईडचं कपाट. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शिंदे, तुम्ही स्लाईड बघायच्या आधी कागदावरची माहिती वाचता, का नंतर?"

"आधी."

"का?"

"म्हणजे काय शोधायचं ते कळतं."

"म्हणजे तेच सापडतं," त्या म्हणाल्या आणि मायक्रोस्कोपकडे वळल्या.

बाई उंच होत्या, हाडापेरानं मोठ्या. इरकली साडी, वरून कोट, कोटाच्या आत गळ्यात चांदीचं लिंग. गाव अक्कलकोटच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवर. घरात कानडी. मराठी स्वच्छ बोलायच्या, पण मोजताना आणि रागावताना कानडीत जायच्या. एखादी गोष्ट पटली नाही की म्हणायच्या, "नोडोण." म्हणजे, बघू या. आणि सहसा त्यांना काही पटत नसे. दुधवाल्याचं माप, घड्याळजीचं घड्याळ, आकाशवाणीवरचा पावसाचा अंदाज, सर्जननं लिहिलेलं निदान, सगळं त्या एकाच तराजूत तोलायच्या.

मंडईतून आणलेली हळद घरी जायच्या आधी आमच्या विभागात यायची. परीक्षानळीत पाण्यात ती घोळवायची, ॲसिडचे थेंब टाकायचे, गुलाबी झाली की वर आणखी पाणी ओतायचं. तरीही गुलाबी राहिली तर भेसळ. एकदा आमचे विभागप्रमुख डॉ. मोघे यांनी घरी कांडलेल्या हळदीच्या पुड्या सगळ्यांना दिल्या. बाईंनी त्यांच्या समोरच परीक्षानळी काढली. रंग गेला, पाणी स्वच्छ झालं. "चांगली आहे," बाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांच्या मते ही मोठी शाबासकी होती. मोघे सर पुढचे काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

लग्न केलेलं नव्हतं. त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली, अगदी निर्विकारपणे. स्थळ आलं होतं, मुलगा गिरणीत इंजिनिअर. भोंगा झाला तेव्हा त्या गिरणीच्या फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांचं फाटक वेगळं, कामगारांचं वेगळं. बघायचं होतं, हा कुठल्या फाटकातून येतो.

"मग?"

"अधिकाऱ्यांच्याच फाटकातून आला. खरं बोलत होता."

"मग काय बिघडलं?"

"त्यानं मला बघितलं की."

त्यांचा संशय चुकायचाही. आमचा लॅब अटेंडंट सिद्राम, पापभीरू माणूस, भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. स्पिरिटच्या बाटलीतली पातळी रोज थोडी उतरते हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्याला चोर ठरवलं. तो रडकुंडीला आला. "बाई, शिवाची शपथ, थेंब पण न्हाय घेतला." बाईंनी शपथेवरही विश्वास ठेवला नाही. त्यांनी बाटलीवर पट्टी चिकटवली, ती आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पातळी तरीही उतरली. बूच सैल होतं, स्पिरिट उडत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. "सिद्राम, मी तुला चोर म्हणाले. स्पिरिट उडत होतं. तू चोर नाहीस," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुढं म्हणाल्या, "या बाबतीत."

सिद्राम मात्र त्यानंतर त्यांच्यासाठी जीव टाकायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "साहेब, चोर म्हणणारी लई भेटली. न्हाय म्हणायला परत आलेली ही एकच."

त्यांचा सगळ्यात जुना संशय जठराच्या कॅन्सरवर होता. आम्ही मुलांना शिकवायचो ते असं की पेशी वेड्यासारखी वाढते, तिची गाठ होते आणि मग गाठीतल्या पेशी रक्तातून, लसिकेतून दूर जातात. वाढणं आधी, पसरणं नंतर. बाईंना हे निम्मंच पटायचं. त्या म्हणायच्या, एक कॅन्सर गाठ बांधतो. तो डोळ्याला दिसतो, हाताला लागतो. दुसरा गाठच बांधत नाही. त्याच्या पेशी एकेकट्या सुटतात आणि जठराच्या भिंतीत शिरतात, गर्दीत पाकीटमार शिरावा तशा.

"चांगल्या पेशी एकमेकींचा हात धरून उभ्या असतात," स्पिरिटच्या दिव्यावर स्वतःचा चहा ठेवत त्या सांगायच्या. "कॅल्शियम काढून घेतलं की त्या सुट्या होतात, एवढं लोकांनी करून बघितलंय. पण हात म्हणजे नक्की काय, कुठला रेणू, हे अजून कुणाला सापडलेलं नाही. माझा संशय तिथं आहे. ह्या रोगात आधी हात सुटतो, मग पाय फुटतात. वाढ नंतरची."

"पण शेजार सुटलेली पेशी मरायला पाहिजे," मी म्हणायचो.

"पाहिजे की. मरत नाही. कुणीतरी तिला जगायची परवानगी दिलीय, आणि ती कुणी दिली ते आपल्याला माहीत नाही." चहा उकळायचा, त्या तो गाळायच्या. "आणखी एक. ती स्वतः फार काही करत नाही. शेजारच्या भल्या पेशींना कामाला लावते. त्यांना वाटतं इथं जखम झाली. त्या बिचाऱ्या धागे विणत बसतात. जठर आवळत जातं, कातड्याच्या पिशवीसारखं घट्ट होतं. बघणाऱ्याला व्रण दिसतो. विणायला लावणारी दिसत नाही."

हे सगळं मी ऐकून घ्यायचो, चहा झाला की विसरायचो. मग ती काचेची बरणी आली.

बरणी घेऊन आले न्यायवैद्यक विभागाचे डॉ. साबळे. मोकळा, हसरा माणूस, माझ्याशी दोस्ती. शहराच्या पूर्वभागातला, मागवाल्यांच्या वस्तीतला, राजय्या नावाचा विणकर मेला होता. घरात दोन माग, मागं सूत रंगवायची खोली. कित्येक महिने त्याला जेवण जात नव्हतं, ओकाऱ्या होत होत्या, डॉक्टर पित्ताचं औषध देत होते. वाळून वाळून मेला. अंत्यविधीच्या आधीच त्याचा धाकटा भाऊ नागेश पोलिसांत गेला होता. वहिनीनं ताकातून थोडं थोडं ॲसिड पाजलं, असं त्याचं म्हणणं. रंगाच्या खोलीत ॲसिड असायचंच. वहिनी नवऱ्याचं जेवण वेगळं रांधायची, दुसऱ्या कुणाला त्या भांड्याला हात लावू द्यायची नाही. भाऊ गेल्यावर ॲसिडची बरणीही घरात नव्हती. बालामणी तिचं नाव. फौजदारानं तिला अटक केली होती. लहान मुलगी आजीकडं होती.

साबळ्यांनी शवविच्छेदन केलं होतं. जठर आवळून मुठीएवढं झालेलं, भिंत जाड आणि पांढरट, पण गाठ नाही, खोल जखम नाही. अर्धं जठर रासायनिक तपासणीला परगावी पाठवलेलं, अर्धं फॉर्मॅलिनमध्ये घालून आमच्याकडं. "जुन्या ॲसिडनं असंच आवळतं," साबळे म्हणाले. "तुमच्याकडून नुसतं व्रण आहे एवढं लिहून द्या."

मी तुकडे घेतले, सिद्रामनं स्लाईड केल्या, मी पाहिल्या. व्रण होता. दाटच्या दाट धागे, मध्ये थोड्या सूज आलेल्या पेशी. मी तसं लिहून बाईंच्या टेबलावर सहीला ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"किती ठिकाणचे तुकडे घेतलेत?"

मी सांगितलं.

"आणि उरलेलं जठर कशाला ठेवलंय? शोभेला?"

"बाई, साबळे म्हणतात..."

"साबळ्यांना भावानं सांगितलं. भावाला कुणी सांगितलं?"

मला वाटलं, यांना त्या बाईची कणव आली. पण तसं काही नव्हतं. बालामणीला ताप आला म्हणून पोलीस शिपाईण तिला आमच्याच दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा बिराजदार बाई मला घेऊन वॉर्डात गेल्या. खाटेवर एक बारकी, काळीसावळी बाई बसली होती. हातात बांगडी नाही. आमच्याकडं बघितलं आणि नजर खाली केली. बाईंनी ना ओळख दिली, ना धीर.

"तो जेवताना काय म्हणायचा?"

"काय नाय ओ. दोन घास खाल्ले की बास म्हणायचा. पोट भरलं म्हणायचा. मी म्हणायची, आपली पोरगी पण जास्त खातीय की."

"जेवण वेगळं का करायचीस?"

"तिखट चालत नव्हतं. पेज करून घालत होते. जाऊ त्यात मीठ-मिरची टाकायची, म्हणून हात लावू देत नव्हते."

"घशात जळतंय म्हणून कधी ओरडला का?"

"नाय. ओरडला असता तर गल्लीला कळलं असतं. माग थांबले की आमच्यात सगळं ऐकू येतंय."

"ॲसिडची बरणी कुठं गेली?"

शिपाईण पुढं सरकली. बाईंनी पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.

"फोडली," ती शेवटी म्हणाली. "दीर अंगणात बोलायलाच लागला, हिनंच घातलं, हिनंच घातलं. मी भ्याले. मोरीत ओतली आणि फोडली."

"काही दिलं नव्हतंस तर भ्यालीस कशाला?"

"भ्यायला काय दिलंच पाहिजे का ओ?" ती म्हणाली. मग स्वतःच्या तळव्यांकडं बघत बोलली. "एकदा देवाला म्हणाले होते, ह्याला आता घेऊन जा. बघवत नव्हतं. तेवढं केलं मी. ह्याचा बाप पण असाच गेला म्हणतात, मी लग्न होऊन यायच्या आधी. तेव्हा सासूनं पण असंच म्हटलं असंल."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "बाई, ती निर्दोष आहे. बोलण्यावरून कळतं."

"काय कळतं?"

"म्हणजे... रडलीसुद्धा नाही. खोटं बोलणारी रडली असती."

"रडणं हा पुरावा नाही आणि न रडणंही नाही," त्या म्हणाल्या. "बरणी फोडलीय तिनं. मला ती आवडलेली नाही."

मग त्यांनी सिद्रामला कामाला लावलं. उरलेल्या जठराच्या प्रत्येक भागातून तुकडे, प्रत्येक तुकड्यातून खाली खाली काप. आमचं नेहमीचं काम तुंबलं. मोघे सर एकदा दारात येऊन उभे राहिले. "बिराजदार, एका पोलीस केससाठी विभागाचं सगळं पॅराफिन संपवणार का?" बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही.

मधल्या काळात परगावचा अहवाल आला. विष सापडलं नव्हतं. मला हायसं वाटलं, पण फौजदार येऊन म्हणाला, "डॉक्टर, ॲसिड काय महिनोन्‌महिने पोटात बसून राहतंय होय? जाळून जातंय की." साबळ्यांनीही मान हलवली. अन्ननलिका स्वच्छ होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, ॲसिड पुष्कळदा अन्ननलिका सोडून खाली जातं. तेही खरंच होतं. पुस्तकात तसंच होतं.

एके दुपारी बाईंना जठराच्या स्नायूंच्या थरात काही पेशी दिसल्या. धाग्यांच्या मध्ये, एकेकट्या, एका ओळीत. फुगलेल्या, आणि आतलं केंद्रक एका कडेला ढकललेलं, अंगठीवरच्या खड्यासारखं. त्यांनी मोघे सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं. "या सफाईच्या पेशी आहेत," ते म्हणाले. "व्रणात जमतातच. मेलेला कचरा गिळून फुगतात." या कॅन्सरच्या पेशी स्वतःच्या आत श्लेष्मा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव, बनवतात, म्हणून बाईंनी तो दाखवणारा लाल रंग देऊन पाहिला. पेशींची पोटं लाल झाली. सर म्हणाले, "सफाईवाली पेशी श्लेष्मासुद्धा गिळते की."

मला वाटलं बाई भांडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. गिळते." आणि परत खुर्चीत बसल्या. त्यांच्याविरुद्धचा मुद्दा त्यांना पटला होता. त्या संध्याकाळी त्यांनी चहा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणीतून राहिलेलं जठर पुन्हा बाहेर काढलं आणि ट्रेमध्ये पसरलं. त्याच्या वरच्या कडेला चरबीची एक पट्टी लोंबत होती. शवविच्छेदनात कापताना तशीच राहिलेली. मी ती पहिल्याच दिवशी पाहिली होती, चरबी म्हणून सोडून दिली होती. बाई ती दोन बोटांत धरून चाचपू लागल्या, बाजारात शेंगा निवडाव्यात तशा. तिच्यात तुरीच्या डाळीएवढ्या लसिकाग्रंथी होत्या. काखेत, जांघेत सुजल्या की लोक अवधाण म्हणतात, त्याच जातीच्या, पण पोटातल्या.

स्लाईड तयार झाल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "शिंदे, इकडं या. काय दिसतंय ते सांगा. मी काही सांगणार नाही."

मी डोळा लावला. ग्रंथीची निळी दाट जमीन, आणि तिच्या काठानं, जिथून लसिका आत शिरते तिथं, त्याच पेशी. त्याच फुगलेल्या, त्याच अंगठ्या. काही ठिकाणी केंद्रकं काळी आणि वेडीवाकडी, एक तर दुभंगताना पकडलेली. सफाईवाली पेशी अशी दिसत नाही. शेजारून जाणाऱ्या एका मज्जातंतूच्या म्यानातही त्या शिरल्या होत्या.

"कॅन्सर," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"ॲसिड जाळतं," बाई म्हणाल्या. "चालत नाही. चालत ग्रंथीपर्यंत जाऊन तिथं पोरं घालत नाही."

मला वाटलं आता अहवाल जाईल. पण बाई स्लाईडच्या पेटीला कुलूप लावून थेट साबळ्यांच्या विभागात गेल्या. जठराची बरणी त्याच माणसाची कशावरून, हे त्यांना बघायचं होतं. साबळे पहिल्यांदाच चिडलेले मी पाहिले. "तुम्ही आता माझ्यावर संशय घेता, बाई?"

"होय," बाई म्हणाल्या. "उद्या कोर्टात वकील घेईल. त्याच्या आधी मी घेतलेला बरा."

साबळ्यांनी लाखेची मोहोर, चिठ्ठी, सगळं समोर ठेवलं. सगळं जिथल्या तिथं होतं. बाईंनी मान हलवली. मग साबळे त्यांच्याबरोबर आमच्या खोलीत आले, मायक्रोस्कोपला डोळा लावून खूप वेळ बसले, आणि उठताना म्हणाले, "मी चुकलो असतो."

"मीही चुकले असते," बाई म्हणाल्या. "मला वाटत होतं, तिनंच केलंय."

कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेलो. बालामणी पिंजऱ्याजवळ पोलिसांच्या शेजारी उभी होती. मागं तिची म्हातारी आई, दुसऱ्या बाजूला नागेश, पांढरा शर्ट, ताठ मान. बाईंनी कॅन्सरचं सगळं साध्या शब्दांत सांगितलं. पेशी सुटतात कशा, गाठ न बांधता भिंतीत पसरतात कशा, व्रण कोण विणतं. सरकारी वकील हुशार होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, या बाईनं नवऱ्याला काहीच दिलं नाही, अशी तुमची खात्री आहे?"

मी मनात म्हटलं, बाई, एवढ्यापुरतं हो म्हणा.

"नाही," बाई म्हणाल्या. "तिनं काय दिलं आणि काय नाही, ते मला माहीत नाही. त्याच्या पोटात काय होतं ते माहीत आहे."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. नागेश खुर्चीत पुढं सरकला. मॅजिस्ट्रेट वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि स्वतः विचारलं, "जे दिसलं ते ॲसिडनं होऊ शकतं?"

"नाही."

"आणि जे दिसलं, तेवढ्यानं माणूस मरतो?"

"मरतो. तो मरणारच होता. कुणी काही दिलं असतं तरी, आणि काहीच दिलं नसतं तरी."

बालामणी सुटली. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आम्ही रिक्षा बघत उभे असताना ती आईबरोबर आली. मला वाटलं पाया पडणार. ती बाईंसमोर उभी राहिली. "तुमी पण माझ्यावर संशय घेतला," ती म्हणाली.

"घेतला," बाई म्हणाल्या. "म्हणून शोधत राहिले."

"तुमी नुसतं म्हणायचं होतं की, हिनं नाय केलं. सगळ्यांसमोर. एकदा."

बालामणी आईचा हात धरून निघून गेली. आभार मानले नाहीत. कॉलेजच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना बाई म्हणाल्या, "ती बरोबर बोलली. पण मला ते म्हणता येत नव्हतं." त्यांचा चेहरा मी कधी नव्हे इतका थकलेला पाहिला.

यानंतर कुणीही ती केस मिटली असं म्हणालं असतं. बाईंना मात्र बालामणीचं एक वाक्य सोडत नव्हतं. ह्याचा बाप पण असाच गेला म्हणतात. त्या पूर्वभागात जाऊन म्हाताऱ्या माणसांकडं चौकशी करून आल्या. राजय्याचा बाप दोन घासांत उठायचा. बापाची बहीणसुद्धा. सगळे तरुणपणीच वाळून गेले होते, आणि सगळ्यांच्या मागं कुठल्या तरी सुनेवर करणीचा आळ होता.

"हात धरणारं जे काही आहे ना शिंदे," त्या म्हणाल्या, "ते यांच्या घरात जन्मतःच कच्चं असणार. बापाकडून मुलाकडं येत असणार. सिद्ध करता येत नाही. संशय आहे."

"म्हणजे नागेशलाही?"

"त्यालाही. आणि त्या पोरीलाही."

"बालामणीला सांगितलं?"

"नाही. पोर लहान आहे. आत्ता सांगून ती बाई काय करेल? रोज तिच्या ताटाकडं बघत बसेल. ते बघणं सध्या मी करते."

फार वर्षांनी, मी निवृत्तीला टेकलो होतो तेव्हा, वाचनात आलं की पेशीला पेशीशी धरून ठेवणारं एक प्रथिन सापडलंय, आणि जठराचा तो न दिसणारा कॅन्सर ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येतो त्यांतल्या काहींमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच जन्मापासून बिघडलेलं असतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. दाखवायला समोरच्या टेबलावर कुणी नव्हतं.

त्या वेळी, केस संपल्यावर, बाई नागेशकडं गेल्या तेव्हा त्यानं त्यांना दारातूनच हाकललं. भावाच्या मारेकरणीला सोडवलंत, आता मला मारायला आलात का, म्हणाला. एक्स-रे काढू, पोट दिसावं म्हणून नुसतं बेरियमचं पांढरं पाणी प्यायचं असतं, असं त्या सांगत होत्या. पाजायचंच नाव काढल्यावर तो आणखी भडकला. बाई परत आल्या आणि काही आठवड्यांनी परत गेल्या. मग जातच राहिल्या, बरोबर जेवणाच्या वेळी, तो किती घास खातो ते बघायला. गल्लीतली पोरं त्यांना पोटवाली बाई म्हणायला लागली.

दशक संपता संपता माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बाई विभागात नव्हत्या. सिद्राम म्हणाला, "असतील तिकडंच." मी सामान टांग्यात टाकलं आणि टांगेवाल्याला स्टेशनला जायच्या आधी पूर्वभागातून घ्यायला सांगितलं. दुपारची जेवणाची वेळ होती, माग थांबलेले होते. नागेशच्या दाराशी टांगा हळू झाला. आत तो पाटावर बसला होता, थोडा जाड झालेला, पुढं ताट. दाराच्या पायरीवर बाई उभ्या होत्या, उन्हात, छत्री मिटून हातात धरलेली. त्यानं त्यांच्याकडं रागानं बघितलं, भाकरी मोडली, भाजीत बुडवून तोंडात घातली. मग दुसरा घास. मग मुद्दाम हाक मारून बायकोकडून आणखी एक भाकरी मागून घेतली, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून तीही खाल्ली. त्यानं ताटात हात धुतला. बाईंनी छत्री उघडली, पायरी उतरल्या, आणि मी टांग्यातून हाक मारतोय हे लक्षातही न येता गल्लीतून समोर निघून गेल्या.